पाण्यावरची साय

२ मार्च १९७३

डॉक्टर राजहंस साहेब,

वर काय लिहावं याचा बराच विचार केला. 'जय भीम' लिहिलं असतं, पण तुमच्या राष्ट्रीय रसायन संशोधनालयात टपाल कोण फोडतं ते मला माहीत नाही. दोन शब्दांनी उगाच तुमचा हुद्दा आणि संसार दोन्ही धोक्यात यायचे. 'चिरंजीव चंद्रभान' लिहिलं असतं, तर असा कुणी इसम इथे कामाला नाही म्हणून पत्र परत आलं असतं. तेव्हा साहेबच बरं. पाकिटावरही मी राजहंसच लिहिलं आहे. मायनं तशी शपथ घातली, नाहीतर माझ्या हातून ते झालं नसतं.

आणि आता हे 'तुम्ही' पुरे. माझी जीभ वळेना.

परवा सरपंच दिनकररावांच्या अंगणात तू मला 'बाई' म्हणालास. शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करून स्वागतगीत म्हणायला लावा, असा सरपंचांचा निरोप होता, म्हणून मी तिथे आले होते. गाणं संपलं. तू गळ्यातला हार काढून खुर्चीच्या दांडीला अडकवलास आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणालास, "छान बसवलंय हो बाई गाणं." तुला कडेवर वागवून जिची कंबर वाकडी झाली ती मी. तुझ्या वसतिगृहाच्या पत्र्याच्या पेटीवर खिळ्यानं 'चंद्रभान सटवाजी खंदारे' असं नाव कोरून दिलं तीही मीच. आणि मी काय म्हणावं? "आभारी आहे साहेब." खोटं बोलायला तुझ्यासारखी डॉक्टरची पदवी लागत नाही, हे त्या दिवशी मला कळलं.

राजहंस! नाव तरी काय शोधून काढलंस. आपल्या जिल्ह्यात राजहंस कुणी पाहिला आहे का? तलावावर बगळे मात्र येतात. बगळे असं आडनाव घेतलं असतंस तर निदान शोभलं असतं.

चहा आला. तुझा कप चिनीमातीचा, बशीसकट. माझा वळचणीला ठेवलेला, कान तुटलेला. दिनकरराव कायदा पाळतात हं, हल्ली ते कुणाला चहाला नाही म्हणत नाहीत. फक्त कप वेगळा ठेवतात. तो कप तू पाहिलास. मी घेऊन उभी राहिले तेव्हा तुझं लक्ष बरोबर त्या तुटक्या कानाकडे गेलं, आणि मग तुला एकदम पंचांगातल्या पावसाविषयी दिनकररावांशी बोलायची गरज भासली. रसायनशास्त्रज्ञ पंचांगावर बोलताना मी प्रथमच ऐकलं.

तुला वाटत असेल, कुणी ओळखलं नाही. गावानं नाहीच ओळखलं. आपल्या वस्तीतल्या पोरांची तोंडं त्यांनी कधी नीट पाहिली होती, की वीस वर्षांनी, चष्म्याआडून ओळखतील? पण वस्तीनं तू जीपमधून उतरलास तेव्हाच ओळखलं. पंचफुला, आपली शेजारीण, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. ती म्हणाली, "अक्का, ह्यो तर सटवाजीमामाच्या चालीनं चालायलाय." संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या पोराटोरांना ठाऊक झालं, आणि एकानंही गावात तोंड उघडलेलं नाही. तुझं गुपित सांभाळायला एवढी माणसं राबतात. तुझ्या संस्थेत तरी एवढा स्टाफ आहे का?

तुझा प्रयोग मात्र पाहण्यासारखा झाला. गेल्या साली पाऊस आला नाही, आड आटले, नदीत नुसती वाळू. उरला तो गावचा तलाव, आणि त्यातलंही पाणी ऊन पिऊन टाकतं. त्यावर तू औषध आणलंस. दिनकररावांचं पितळी घंगाळ पाण्यानं भरलंस, त्यांच्या सुनेची तोंडाला लावायची पावडर मागवून पाण्यावर भुरभुरलीस आणि त्या पांढऱ्या मेणचट औषधाचा एक थेंब सोडलास. पावडर झटकन काठाला पळाली. गाव 'आहाहा' म्हणालं. "पाण्यावर साय धरते, डोळ्यांना दिसत नाही, पण उन्हाला पाणी पिऊ देत नाही," असं तू समजावलंस. मग बोट बुडवून दाखवलंस. "साय फाटली तरी काळजी नको, ती आपोआप पुन्हा मिटते." हे तुझं वाक्य मी पोरांकडून दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणवून घेतलं. तूही लक्षात ठेव.

माय त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून वस्तीच्या वाटेवर बसली होती. जीप गेली, धुरळा उडाला. तिनं डोळे पुसले, म्हणाली, "लय काम असतंय त्येला. थांबंल तरी कसा?" मायशी वाद घालण्यापेक्षा तुझ्यावर शाई खर्च करणं मला स्वस्त वाटतं.

आपली,
बाई


२४ मार्च १९७३

चंद्रभान,

तुझ्या कचेरीचं उत्तर मिळालं. टंकलिखित, खाली कुणा सहायकाची सही. "आपल्या पत्रातील मजकुराची नोंद घेण्यात आली आहे." सख्ख्या बहिणीच्या पत्राची नोंद घेणारा भाऊ लाभायला भाग्य लागतं.

असो. आता कामाचं ऐक, कारण गंमत संपली आहे.

तुझी माणसं येऊन औषधाचे ड्रम बसवून गेली. कुठे बसवले ते तुला ठाऊकच आहे, जागा तूच दाखवली होतीस. म्हणजे दिनकररावांनी दाखवली आणि तू मान हलवलीस. महादेवाच्या घाटाकडे ड्रम नकोत, तिथे गावाची अंघोळ असते, पूर्वेला बसवा, असं ते म्हणाले. पूर्वेचा काठ म्हणजे आपला. ड्रम आले, मग त्यांच्या राखणीला काटेरी तार आली, आणि तारेवर पाटी आली: "प्रयोग चालू आहे. पाण्यात उतरू नये, भांडी बुडवू नयेत. डॉ. सी. एस. राजहंस यांच्या हुकमावरून." तारेआड बाजेवर नागनाथ बसतो. चार कोरडवाहू एकरांचा धनी, दुष्काळात त्याला सरपंचांनी हे काम लावून दिलं. हातात काठी. बिचाऱ्याला स्वतःलाच लाज वाटते, पंचफुला दिसली की दुसरीकडे बघतो.

घाटावर मात्र तार नाही. घाटावरच्या घागरींनी तुझी साय फाटत नसावी. फक्त आपल्याच घागरींना धार असते.

आपल्या वस्तीचा आड तर पौषातच आटला. तेव्हा आता दोन वाटा. एक घाटाची. तिथे आम्हांला कुणी अडवत नाही, कायदा आहे ना! फक्त म्हणतात, पायरीखाली थांबा, आम्ही वरून ओततो, उगाच गर्दी नको. माय एक दिवस गेली. दिनकररावांच्या घरची गीताबाई वरून पाणी ओतायला लागली, आणि मायनं घागर पुढे केली ती तशीच मागे घेतली. "छप्पन्न सालाला आमी ह्ये सोडलं," म्हणाली आणि रिकामी परत आली. दुसरी वाट चुडाव्याची. तिथल्या स्टेशनावर रेल्वेच्या नळाला पाणी असतं. पहाटे निघायचं, रुळाच्या कडेकडेनं चालायचं, स्टेशनमास्तरचा मिजाज सांभाळायचा आणि ऊन चढायच्या आत डोक्यावर घागर घेऊन परतायचं. मग रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं. वस्तीतल्या बाया रोज हे करताहेत.

तू म्हणशील, तार उपटून का टाकत नाही? हा प्रश्न तुझ्यासारख्या शूर माणसालाच सुचायचा. तार लागली त्याच दिवशी वस्तीतले बाप्ये पहारी घेऊन निघाले होते. नागनाथनं त्यांना अडवलं नसतं, तो काठी टाकून पळालाच असता. अडवलं तुझ्या मायनं. वाटेत आडवी बसली. म्हणाली, "माझ्या लेकराचं काम हाय त्ये. त्येचं नाव व्हायलंय. तुमी साय फाडली आन् त्येचा परयोग फसला, तर साहेब लोक त्येला काय म्हनतील? चार म्हैने चालू, पाय काय झिजनार हायत का?"

आणि वस्तीनं ऐकलं. गावात बदनामी नको, आपलं पोर मोठं झालंय, जपावं, असं म्हणून ही माणसं चुडाव्याला जायला लागली. ज्यानं ओळख दिली नाही त्याच्या पाटीचा मान ठेवण्यासाठी! तुझी तार नागनाथच्या काठीनं उभी नाही रे, मायच्या शब्दानं उभी आहे. आपलेच दात, आपलेच ओठ.

मला तुझ्याकडून काही नको. नाव बदलू नकोस, जात सांगू नकोस, घरी येऊ नकोस. राजहंस म्हणूनच एक ओळ लिहून पाठव: "घागर बुडवल्याने प्रयोगास बाध येत नाही. पूर्वेचा काठ खुला करावा." घंगाळात बोट बुडवून जे तू अख्ख्या गावाला दाखवलंस, तेच कागदावर लिहायचं आहे. एवढ्यानं कुणाला तुझी जात कळणार नाही.

तुझी,
सत्यशीला


१६ एप्रिल १९७३

चंद्रभान,

तुझं पत्र आलं. वर गाव नाही, तारीख नाही, खाली नाव नाही. चोरानं लिहावं तसं. मायला वाचून दाखवताना मी 'ती. माय' असं आपल्या मनानंच घातलं, कारण तेही तू लिहिलेलं नव्हतंस.

तू लिहितोस, "अक्का, तू भावनेच्या भरात आहेस." नाही बाबा, मी चुडाव्याच्या वाटेवर आहे. तू लिहितोस, "सरपंचांच्या सहकार्याशिवाय अशा ठिकाणी काम होत नाही, त्यांना दुखवणं योग्य नाही." अशा ठिकाणी! जिथे तुझी नाळ पुरली आहे ते आता 'अशा ठिकाणी' झालं. पुढे लिहितोस, जूनमध्ये तुझ्या बढतीचा निर्णय आहे, सासरच्या मंडळींना काही माहीत नाही, तोवर समजून घे. म्हणजे जूनपर्यंत वस्तीनं तहान आवरावी, कारण साहेबांची मुलाखत आहे. एवढी शहाणी संस्था, एवढी यंत्रं, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाच्या पाठीत कणा आहे की नाही हे तपासायचं एकही यंत्र नसावं?

आणि तुझ्या त्या विज्ञानाविषयी. त्याचं तरी इमान राखशील अशी मला वेडी आशा होती. माणूस आईला विसरतो, धंद्याला विसरत नाही म्हणतात.

आपल्याकडे उन्हाळ्याचा वारा मावळतीचा. गाव मावळतीला, वस्ती उगवतीला. आपल्यावरून गेलेला वारा गावाच्या अंगावर जाऊ नये, म्हणून बापजाद्यांच्या काळात ज्यांनी वस्ती बसवली त्यांनी ती मुद्दाम वाऱ्याखाली बसवली. खळी सुरू झाली की गावाचा भुसा उडून आपल्या परातीतल्या पिठात यायचा. तू भाकरी खाताना थू थू करायचास आणि माय म्हणायची, "खा, गावाची ज्वारी न्हाई तर भुसा तरी गावला." हे तुला आठवत नाही असं सांगू नकोस. तुला वारा कुठून येतो हे चांगलं ठाऊक होतं. साय जर सगळ्या तलावावर पसरायची, तर औषध वाऱ्याच्या तोंडाला, घाटाकडूनच सोडायला हवं. शाळेतल्या चौथीच्या पोरालाही हे कळेल. पण ते बोलायचं तर प्रश्न आला असता, साहेब, तुम्हांला इथला वारा कसा माहीत? म्हणून तू गप्प बसलास आणि दिनकररावांच्या बोटाकडे बघून मान हलवलीस. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी जुनीच खोड.

आता तुझं औषध ड्रममधून गळतं आणि वारा ते तिथल्या तिथे आपल्या काठाला लोटतो. काठाला पांढरा थर साचला आहे, साबणाच्या फेसासारखा. बाकी तलाव उघडाच. पाणी पूर्वीसारखंच खाली चाललं आहे. तुझी माणसं येतात, खुंटीवरची पातळी बघतात, डोकं खाजवतात आणि जातात. परवा त्यांतला एक जण दिनकररावांना म्हणत होता, स्थानिक लोक चोरून पाण्यात उतरतात, म्हणून साय टिकत नाही, असं वर कळवावं लागेल. ऐकतोस ना? आम्ही पाण्याला हातही लावत नाही, आणि फसलेल्या प्रयोगाचं खापर आमच्याच डोक्यावर.

चौदा एप्रिल झाला. जयंतीच्या जेवणाला पाणी हवं, म्हणून पंचफुला आणि माय दोन खेपा चुडाव्याला गेल्या. येताना पंचफुला रुळाच्या खडीवरून घसरली. गुडघा फुटला आणि घागर गेली. ती तिथेच बसून मायला म्हणाली, "मामी, आता बास झालं. तुमच्या पोराची साय माझ्या लेकरांच्या घशापरीस मोठी हाय का?" माय तिचा गुडघा पदरानं बांधत राहिली. घरी आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यो येनार हाय की. त्येला डोळ्यांनी दिसलं की त्यो बोलंल. तिकडं लांब बसून त्येला कसं कळावं?"

तू येणार आहेस हे खरं. पाच मेला तहसीलदारांबरोबर पाहणी आहे, शाळेत परिपत्रक आलं आहे. पुन्हा गाणं बसवायला सांगितलं आहे. मी नाही म्हणाले. दिनकररावांनी बोलावून घेतलं, म्हणाले, "बाई, बदली जिंतुराकडं झाली तर म्हातारीचं कसं व्हायचं?" मी म्हणाले, तिकडे तलाव असेल तर बरंच होईल.

तेव्हा पाच मेला ये. तहसीलदारांसमोर बोट बुडवून दाखव, मागे दाखवलंस तसं. तेवढंच. मायनं तुझ्यावर सगळं लावलं आहे आणि वस्तीनं मायवर. मी कशावरच काही लावलेलं नाही. म्हणून माझी झोप तरी शाबूत आहे.

सत्यशीला


८ मे १९७३

डॉ. सी. एस. राजहंस यांस,

स. न. वि. वि.

शनिवारच्या पाहणीच्या वेळी शेवटी शेवटी आपण जीपकडे तोंड करून उभे होतात. त्यामुळे आपल्या पाठीमागे काय घडलं ते आपल्याला नीट दिसलं नसावं. प्रयोग आपला असल्यानं त्याची हकिकत आपल्याला कळवणं योग्य, म्हणून हे पत्र.

सुरुवातीचं आपल्याला माहीतच आहे. वस्तीतल्या बाया तारेपाशी उभ्या होत्या. तहसीलदारसाहेब माणूस बरा दिसला. त्यांनी सरळ विचारलं, "डॉक्टर, या बायांनी घागरी बुडवल्या तर तुमच्या थराला खरंच धोका आहे का?" आपण चष्मा काढलात, रुमालानं पुसलात, पुन्हा घातलात. एकदा दिनकररावांकडे पाहिलंत. मग म्हणालात, "काटेकोर प्रयोगात तशी शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही."

उत्तम वाक्य होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि खरंही काही नव्हतं.

तेव्हा पंचफुलाचा तोल गेला. ती लंगडत पुढे आली आणि ओरडली, "साहेब, त्येंला काय इचारता? ह्या तानुबाईचा पोटचा पोरगा हाय त्यो! चंद्रभान खंदारे! त्येला म्हनावं, तुझ्या मायच्या टाळूकडं बग एकदा, घागरीनं केस झडल्यात!" तहसीलदार हसले. दिनकरराव हसले नाहीत, त्यांनी, साहेब, आपण चहा पिऊन बाजूला ठेवलेल्या कपाकडे पाहिलं. तो चिनीमातीचा होता. तहसीलदारांनी गमतीनं विचारलं, "काय डॉक्टर, ही काय भानगड?"

मी आपल्यापासून फार लांब नव्हते. आपण माझ्याकडे पाहिलं नाहीत. तानुबाईंकडे मात्र पाहिलंत, पायापासून वरपर्यंत, आणि स्वच्छ आवाजात म्हणालात, "मी यांना ओळखत नाही. काहीतरी गैरसमज दिसतो."

सगळे तानुबाईंकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ही खाली बसणार. ती बसली नाही. तिनं पदर नीट केला आणि तहसीलदारांना म्हणाली, "बरूबर हाय साहेब. ही पोरगी उन्हानं बरळायलीय. ह्यो माझा न्हाई. माझ्या पोराला वारा कुठून येतो त्ये ठावं व्हतं."

आपण सुटकेचा श्वास सोडलात. मी पाहिला. तिथून आपण जीपकडे वळलात, म्हणून यापुढचं आपल्याला कळवते.

तानुबाईंनी डोक्यावरची रिकामी घागर उतरवली, काखेत घेतली आणि तारेकडे चालू लागल्या. एका हातानं वरची तार उचलली, खालच्या तारेवर पाय दिला आणि आत गेल्या. लुगड्याचा काठ काट्याला अडकून फाटला, तो त्यांनी सोडवलाही नाही. बायांपैकी कुणीतरी म्हणालं, "मामी, साय फाटंल की!" तेव्हा त्या थांबल्या आणि मागे वळून अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलल्या:

"फाटू दे. लेकराचं काम म्हनून जपलं. आता कुनाचं हाय त्ये? परक्या मानसाच्या पाटीसाठी आमी काऊन तान्हेलं ऱ्हावं?"

दिनकरराव नागनाथवर खेकसले, "अरे, बघतो काय!" नागनाथ बाजेवरून उठला. काठी त्याच्या हातात होती. तो आपल्याकडे बघत होता, साहेब, आपल्या पाठीकडे. आपण वळून एक शब्द बोलाल म्हणून त्यानं वाट पाहिली. मग म्हणाला, "मालक, पाटी ज्यांची त्येच गप हायत. मी कुनाच्या हुकमानं काठी उगारू?" आणि काठी बाजेखाली सारून दिली.

तानुबाई गुडघाभर पाण्यात गेल्या. काठाचा तो पांढरा थर हातानं बाजूला केला, घागर बुडवली, भरली. थर फाटला आणि त्या बाहेर येईपर्यंत पुन्हा मिटला. त्यांनी तो मिटताना पाहिला. त्यांना काय वाटलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी तेव्हा रडत होते, आणि माझा रागानं रडायचा बेत होता, तसं ते झालं नाही. त्यांच्यामागून पंचफुला गेली, मग सगळ्या. तहसीलदारांनी दिनकररावांना बाजूला घेऊन कायद्याचं काहीतरी सांगितलं. त्या वेळी आपली जीप सुरू झाली होती.

तेव्हापासून पूर्वेचा काठ चालू आहे. चुडाव्याला कुणी जात नाही. तार अजून आहे, तिच्यावर गोधड्या वाळत घालतात. आपली पाटी कुणी काढलेली नाही. तिच्याकडे कुणी बघतच नाही, तर काढणार कोण? ड्रममध्ये थोडं औषध शिल्लक आहे, आपण माणूस पाठवलात तर त्याच्या स्वाधीन करण्यात येईल. प्रयोग का फसला याचं कारण अहवालात काय लिहायचं ते आपण ठरवा. वस्तीवर ढकललंत तरी आता हरकत नाही. पूर्वी आम्ही पाण्याला हात न लावता गुन्हेगार होतो, आता निदान पाणी पिऊन होऊ.

आपल्या बढतीबद्दल काळजी नसावी. पंचफुलाच्या बोलण्यावर गावात कुणाचा विश्वास बसला नाही. एवढा मोठा साहेब आणि ते वस्तीतलं पोर, असं कुठे असतं का, असं दिनकरराव स्वतः सर्वांना सांगतात. आणि वस्तीत कुणी हा विषय काढत नाही. पूर्वी आपल्याला जपण्यासाठी काढत नसत. आता काढण्यासारखं काही राहिलं नाही.

एक खुलासा राहिला. या वेळी पाकिटावर मी 'चंद्रभान सटवाजी खंदारे' असं ठळक अक्षरांत लिहिणार होते. तुमच्या संस्थेतल्या शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांनी वाचावं, असं मला फार वाटत होतं. लिहायला बसलेही. तानुबाई शेजारी ज्वारी निवडत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण मी काय करते आहे ते त्यांनी ओळखलं. मला वाटलं, पुन्हा शपथ घालतील.

तसं काही झालं नाही. सुपातला एक खडा काढून त्यांनी बाहेर टाकला आणि म्हणाल्या, "न्हाई गं. त्येला पायजे त्येच नाव लिव. परक्याच्या नावाला आपुन कशाला हात लावायचा?"

कळावे,

स. स. खंदारे
सहशिक्षिका